सरपणाची करवत आणि भुंग्याची अळी

चेनसॉ लाकूड कापते आहे की नुसतीच ओरडते आहे, हे कानांनी कळत नाही. त्यासाठी खाली पडणारा भुसा बघावा लागतो. जाडसर, चपट्या ढलप्या उडत असतील तर दातांना धार आहे. पिठासारखी बारीक धूळ पडत असेल तर चेन बोथट झाली आहे आणि चालवणारा अंगाचा भार टाकून मशीन रेटतो आहे. रेटलं की इंजिन तापतं, क्लच घसरतो, बार झिजतो. मग एक-दोन हंगामांत ‘कंपनीच भिकार निघाली’ असा निकाल लागतो.

पावसाळ्याच्या बेगमीसाठी घरी चेनसॉ घ्यायची ठरली, की पहिला प्रश्न ‘कुठल्या कंपनीची?’ आणि दुसरा ‘किती सीसीची?’ दोन्ही विचारावेत. पण भरवशाची मशीन म्हणजे काय, हे समजायला इंजिनाआधी दाताकडे बघायला हवं.

या दाताची गोष्ट सरपण फोडतानाच सुरू होते. 1946 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या काम करत होता. तोवरच्या चेनला हातकरवतीसारखे टोकदार दात असत. ते लाकूड ओरबाडत, भुगा पाडत आणि लवकर बोथट होत. एकदा कॉक्सला एका बुंध्यात भुंग्याची तर्जनीएवढी अळी दिसली. ती लाकडाच्या रेषेतून आणि रेषा आडवी छेदतही तितक्याच सहज पोखरत चालली होती. तिचे दोन जबडे अर्धगोल, बाहेरून आत वळलेले होते आणि ते डावा-उजवा असे आळीपाळीनं चालत होते. कॉक्सनं तोच आकार पोलादात उतरवला आणि 1947 मध्ये पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरातून तशी चेन विकायला सुरुवात केली. आज बाजारात मिळणारी बहुतेक प्रत्येक चेन त्या दाताचीच वंशज आहे.

हा दात हातात घेऊन पाहा (मशीन बंद, प्लगची टोपी काढलेली आणि हातात मोजे). त्याला दोन भाग दिसतील. पुढे एक बुटका उंचवटा, मागे आकड्यासारखी वळलेली धार. उंचवटा धारेपेक्षा किंचित, म्हणजे साधारण 0.65 मिलिमीटरनं खाली असतो. काम करताना तो लाकडावर टेकून सरकतो आणि मागच्या धारेनं किती जाडीची ढलपी उचलायची ते ठरवतो. सुताराच्या रंध्यात पातं किती बाहेर काढायचं, तसाच हा हिशेब.

धार लावताना बहुतेकांचं चुकतं ते इथेच. धारेचा वरचा भाग मागे उतरता असतो. त्यामुळे कानस मारली की दात नुसता आखूड होत नाही, बुटकाही होतो. बऱ्याच वेळा धार लावली की धार आणि उंचवटा जवळपास एका पातळीवर येतात. मग धार कितीही तल्लख असो, ती लाकडाला पोचतच नाही. ‘आत्ताच धार लावली तरी कापत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं. उंचवटाही चपट्या कानशीनं, मापाची पट्टी ठेवून, अगदी थोडा उतरवावा लागतो. घाईत जास्त उतरवला तर दात मोठा घास घेतात आणि मशीन हिसके देते. काप एका बाजूला वाकडा जायला लागला, तर दुसऱ्या बाजूचे दात आखूड किंवा बोथट झाले आहेत असं समजावं. गोल कानस चेनच्या मापाचीच हवी. घरगुती मशीनवरच्या तीन-अष्टमांश इंची बुटक्या चेनला साधारण 4 मिलिमीटरची चालते.

लाकडांचे स्वभावही वेगळे. सागात वाळूतलाच पदार्थ, म्हणजे सिलिका असते. नारळाच्या खोडातही तिचे सूक्ष्म कण असतात, शिवाय त्याची बाहेरची बाजू फार टणक. अशा लाकडावर धार लवकर जाते. पण सगळ्यात वाईट शत्रू साधी माती. ओंडका जमिनीवर ठेवून आरपार कापताना चेन एक क्षण मातीला लागली, तरी पुन्हा कानस घेऊन बसावं लागतं.

आता इंजिन. घरचं सरपण, म्हणजे हाताच्या जाडीपासून फूटभर जाडीपर्यंतचं लाकूड, 35 ते 45 सीसीचं इंजिन आणि 14 ते 16 इंची बार यांत आरामात होतं. दुकानदार मात्र पुढे ठेवतो ती 58 सीसी, 22 इंची बारची मशीन. ‘घ्या साहेब, झाडसुद्धा पडेल.’ पडेलही, पण लांब बार म्हणजे लाकडात एकाच वेळी अडकणारे दात जास्त. तेवढे दात ओढायला तितकी ताकद लागते आणि तेवढ्या लांबीला पुरेल इतकं तेलही लागतं. स्वस्त मशीनमध्ये डब्यावरच्या सीसीपुढे प्रत्यक्षातली ताकद तोकडी पडू शकते. म्हणून सीसीबरोबर किलोवॅटचा आकडा आणि मशीनचं वजन विचारावं. तासाभरानं हाताला सीसी कळत नाही, वजन कळतं.

इंधनाची बाब आपल्याकडे आता जास्त नाजूक झाली आहे. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळी तेलाची टाकी नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच आतलं वंगण. पन्नासास एक हे नेहमीचं प्रमाण, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर. पण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि अनेक चेनसॉच्या माहितीपुस्तिकेत 10 टक्क्यांचीच मुभा दिलेली असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने टाकीत राहिलेल्या मिश्रणात पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसू शकतं. टू-स्ट्रोकचं तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, आणि इंधन ओढणारी नळी असते तळाशी! मग इंजिनाला मिळतं ते वंगण नसलेलं इंधन, आणि पिस्टन धरतो. म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करावं, महिन्याच्या आत संपवावं. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, मशीन आपणहून बंद पडेपर्यंत चालवून ठेवून द्यावी.

चेनचं तेल वेगळं. ते बारवर पडतं, उडून जातं, परत येत नाही. मशीन जोरात फिरवून बारचं टोक कागदासमोर धरलं आणि कागदावर तेलाची रेघ उमटली, तर पंप ठीक आहे. गाडीचं काढलेलं काळं ऑइल इथे घालण्याची पद्धत सर्रास दिसते. त्यातल्या धातूच्या कणांनी बार आणि पंप दोन्ही झिजतात.

जिवावर बेतणारी गोष्ट म्हणजे उसळी. इंजिन मिनिटाला 10,000 फेऱ्या घेत असताना घरगुती मशीनची चेन सेकंदाला साधारण 19 मीटर धावते, ताशी जवळजवळ 68 किलोमीटर. एका बिंदूवरून सेकंदाला सुमारे 500 दात जातात. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशाला टेकला, तर तिथला दात कापायच्या ऐवजी अडकतो आणि सगळा जोर उलटून बार चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतो. माणसाला सावध व्हायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, तोवर 100 दात पुढे गेलेले असतात. म्हणून पुढच्या दांडीला चेन-ब्रेक असतो. हात दांडीला आपटला, किंवा उसळीच्या झटक्यानं ती जडत्वामुळे मागे राहिली, तरी ब्रेक लागून चेन थांबते. ज्या मशीनला हा ब्रेक नाही किंवा दुकानात दाखवताना लागत नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. इंजिन मंद चालत असताना चेन अजिबात फिरता कामा नये, हेही तिथेच बघावं. हेल्मेट, जाळी, कानांवर संरक्षण आणि चेन अडकवणारी पँट यांचा खर्च मशीनच्या किमतीतच धरावा.

चेन लाकडात अडकण्याचं कारणही साधं आहे. ओंडका दोन टोकांना टेकलेला असेल तर मधल्या भागात वरचे तंतू दाबले जातात आणि खालचे ताणले जातात. वरून आरपार कापायला गेलं की फट मिटते आणि बार चिमटीत सापडतो. अशा वेळी वरून थोडं कापून उरलेलं खालून कापायचं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा आडव्या पडलेल्या आंब्या-नारळांनी अडवलेले रस्ते चेनसॉनीच मोकळे केले. पण वादळात वाकून ताणलेलं खोड कुठल्या बाजूनं उसळेल हे अनुभवी माणसालाही अवघड जातं. घरगुती मशीन घेऊन तिथे शिरू नये. आणि मशीन घरात आली म्हणून उभं झाड तोडायची परवानगी मिळत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी 1964 चा वृक्षतोड कायदा आहे.

विजेवरच्या मशीनकडे लोक उगाच खेळणं म्हणून बघतात. अंगणातच लाकूड फोडायचं असेल तर 2000 वॅटची वायरची चेनसॉ मला सगळ्यात शहाणी वाटते. मिश्रण नाही, कार्बोरेटर नाही, वर्षभर पडून राहिली तरी बटण दाबलं की चालू. ती जवळजवळ 9 अँपिअर घेते, तेव्हा तिला मोठ्या सॉकेटची आणि जाड वायरची सोय हवी. बारीक, लांब वायरवर व्होल्टेज पडतं आणि मोटर जळते. बॅटरीवरची मशीन शांत असते, पण तिचा साठा मोजून बघा. 36 व्होल्ट, 5 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 180 वॅट-तास ऊर्जा असते. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे 9 किलोवॅट-तास असतात आणि छोटं इंजिन त्यातला साधारण पाचवाच भाग कामी आणतं. म्हणजे भरलेली बॅटरी आणि 100 मिलिलिटर पेट्रोल जवळपास सारखंच काम देतात. फांद्यांना पुष्कळ, पावसाळ्याच्या जळणाला मात्र जादा बॅटरी लागेल. बागेत, वीज पोचत नाही तिथे, पेट्रोलला पर्याय कमी.

कंपनीचं नाव विचारा, पण त्याबरोबर तालुक्याच्या गावात त्या मशीनची जादा चेन, बार, कार्बोरेटरचा पडदा आणि स्टार्टरची दोरी मिळते का, तेही विचारा. ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या दुकानात जा.