थ्री फेज नको, आधी अर्थिंग पाहा

‘इलेक्ट्रिक गाडी घेताय? मग थ्री फेज करावं लागेल.’ गोंदियात गाडीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. चहाच्या टपरीवर ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, इतकंच काय, वायरिंगची कामं घेणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलं. मग नवा मीटर, खांबापासून नवी सर्व्हिस वायर, असा खर्च डोळ्यांसमोर येतो आणि माणूस गाडीचा विचारच सोडून देतो. एका चुकीच्या वाक्यापायी असं घडतं, याचा राग येतो. म्हणून आधी याच वाक्याचा निकाल लावू.

महावितरणचं बिल हातात घ्या. त्यावर ‘रेस १-फेज’ असं लिहिलं असेल तर तुमची जोडणी सिंगल फेज आहे. तिथेच मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. आता हिशेब करू. बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जर साधारण ७०० ते ८०० वॅट घेतो, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीएवढा. कारसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर ३.३ किलोवॅटपर्यंत घेतो आणि १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. दीड टनाचा एसी आणि गिझर एकत्र चालवल्यावर जेवढा भार पडतो, जवळपास तेवढाच. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा बॉक्ससुद्धा सिंगल फेजवरच, ३२ अँपिअरवर चालतो. त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागेल, फेज नाही. थ्री फेजची गरज ११ किंवा २२ किलोवॅटच्या चार्जरला लागते.

‘पण ३.३ किलोवॅटवर गाडी रात्रभरात भरेल का?’ गोंदियाहून तिरोड्याला जाऊन आलात, साधारण ६०-६५ किलोमीटर झाले. छोटी कार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे दहा युनिट लागले. ते भरायला तीन-साडेतीन तास पुरतात. रात्री दहाला लावलेली गाडी दोनच्या आत मोकळी.

यावरही शंका असेल तर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची १४ जानेवारी २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं पाहा. घरी किंवा कार्यालयात असलेल्या सध्याच्याच वीजजोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करता येते, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

आता खरी काळजी कशाची करायची, ते सांगतो. ती करायची अर्थिंगची, आणि त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

गेल्या मे महिन्यात एका नातेवाइकांकडे नवी कार आली. चार्जर लावला तर लाल दिवा, चार्जिंग सुरूच होईना. वायरमन आला, पाच मिनिटांत दिवा हिरवा करून गेला. घरचे खूश. मी सॉकेट उघडून पाहिलं. अर्थच्या पिनेला हिरवी वायर नव्हतीच. बोटभर लांबीचा काळा तुकडा न्यूट्रलवरून काढून अर्थच्या पिनेत अडकवला होता.

यात धोका काय, हे नीट समजून घ्या. चार्जर अर्थिंग तपासतो. ते नसेल तर तो चालायला नकार देतो, आणि तो नकार तुमचा जीव वाचवण्यासाठी असतो. न्यूट्रलचा तुकडा जोडून आपण चार्जरला फसवतो. चार्जिंग चालू असताना गाडीचा पत्रा अर्थच्या तारेला जोडलेला असतो. आता वादळात बाहेर न्यूट्रल तुटला, आणि आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला तो तुटतोच, तर घरातल्या पंख्या-फ्रिजमधून येणारी वीज त्या तुकड्यातून थेट पत्र्यावर येते. २३० व्होल्ट. ओल्या पायांनी दाराला हात लावणारं घरातलं पोर असू शकतं. म्हणून सांगतो, हा जुगाड आपल्या घरात कुणालाही करू देऊ नका.

मल्टिमीटरने तपासताना फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट. घरात भार चालू असतानाही तिथे अगदी शून्य आला तर खूश होऊ नका. मेन बंद करून सॉकेट उघडायला लावा, कारण तो शून्य बहुधा त्याच तुकड्याचा असतो. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा. भेगा पडलेल्या कोरड्या जमिनीत अर्थिंग निकामी होतं.

बाकी वायरिंग सोपं आहे. मेनपासून चार्जिंगसाठी स्वतंत्र लाईन घ्या. ३.३ किलोवॅटसाठी ४ एमएमची तांब्याची वायर, ७.२ साठी किमान ६ एमएम, अंतर जास्त असेल तर १०. त्या लाईनवर स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून काढून टाकू नका, तो का पडतो ते शोधा.

आता उरलेले गैरसमज, थोडक्यात.

‘व्यापारी दर लागतो.’ नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशानुसार स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेचाच दर लागतो. घर असेल तर घरगुती. वेगळ्या मीटरची सक्ती नाही.

‘मोठा चार्जर लावला की गाडी लवकर भरते.’ वेग गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ठरवतो. तो ३.३ चा असेल तर भिंतीवर २२ चा बॉक्स लावूनही ३.३ च मिळणार.

‘एक्स्टेंशन बोर्डवर चालतं.’ मोबाइल चालतो, कार नाही. तासन्‌तास १४-१५ अँपिअर वाहिले की ढिली पिन वितळते. चार्जिंग स्टेशनसाठीच्या २०१९ च्या नियमांत केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने एक्स्टेंशनला मनाई केली आहे आणि सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावं असं सांगितलं आहे. घरीही तेच पाळा.

‘पावसात शॉक बसतो.’ अर्थिंग आणि आरसीसीबी नीट असेल, सॉकेट आडोशाला असेल तर पावसाची भीती नको. विजा कडाडत असतील तेव्हा मात्र प्लग काढून ठेवा.

‘चार्जिंगला लावली की पेट घेते.’ २०२२ मध्ये स्कूटर पेटल्या, हे खरं. त्यानंतर बॅटरीचे सुरक्षा नियम कडक झाले आणि १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. आपण एवढंच करायचं: ४५ अंशांच्या उन्हातून आणलेली गाडी थोडी थंड होऊ द्यायची, मगच लावायची. काढता येणारी बॅटरी झोपायच्या खोलीत किंवा दाराच्या वाटेत चार्ज करायची नाही.

तेव्हा वायरमनला बोलावलंत की ‘थ्री फेजला किती लागतील?’ हे विचारू नका. ‘ही हिरवी वायर कुठे जाते, ते दाखवा’ असं म्हणा, आणि सॉकेटपासून खड्ड्यापर्यंत त्याच्यासोबत चालत जा.