चांदोबाचा फोटो पांढरा का येतो?

बालमित्रांनो, कोजागरीच्या रात्री गच्चीवर आटीव दूध पिता पिता तुमच्यापैकी कितीजणांनी चंद्राचा फोटो काढून पाहिला आहे? हात वर करा पाहू! आणि आता खरं सांगा, त्या फोटोत आलं काय? काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका. फार तर रस्त्यावरच्या दिव्यासारखा एक गोळा. चंद्रावरचा ससा गायब, डाग गायब, सगळंच गायब!

मग आपण म्हणतो, "आपला कॅमेरा काही भारी नाही, जाऊ दे." पण गंमत अशी, की चांगला महागडा डिजिटल कॅमेरा आणि लांबलचक टेलिफोटो लेन्स हातात दिली, तरी पहिला फोटो बहुतेक वेळा असाच पांढराफटक येतो. त्याचं कारण पैशात नाही, विज्ञानात आहे. ते एकदा कळलं, की सोलापूरच्या कुठल्याही गच्चीवरून चंद्राचा झकास फोटो काढता येतो.

चंद्र म्हणजे दिवा नव्हे, दगड!

चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, हे तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलंच आहे. पण त्याचा अर्थ काय, याचा विचार केलाय? सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे आणि चंद्रही त्याच्यापासून जवळजवळ तेवढाच दूर आहे. म्हणजे भर दुपारी सोलापूरच्या रस्त्यावर जे कडक ऊन पडतं, साधारण तसलंच ऊन चंद्राच्या जमिनीवरही पडतं. आपल्याकडे रात्र असली, तरी जो भाग आपल्याला उजळ दिसतो तिथे दिवसच असतो!

दुसरी गंमत ऐका. आपल्याला दुधासारखा वाटणारा चंद्र प्रत्यक्षात चांगलाच काळपट आहे. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शंभरातला सुमारे बारा भागच तो परत फेकतो. म्हणजे रंगाने तो आपल्या डांबरी रस्त्याच्याच जातीचा. ज्या काळ्या डागांना आपण ससा म्हणतो, ती तर लाव्हारस थिजून बनलेली बेसाल्ट दगडाची मैदानं आहेत. सोलापूरच्या काळ्या मातीखाली जो काळा पाषाण लागतो, तोही बेसाल्टच. आपला दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, चंद्रावरचा बहुतेक तीनशे कोटी वर्षांहूनही जुना, एवढाच काय तो फरक!

आता कॅमेऱ्याची पंचाईत बघा. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा समोरच्या सगळ्या चित्राचा सरासरी उजेड मोजतो. समोर असतं काळंभोर आकाश आणि त्यात एवढासा चंद्र. कॅमेऱ्याला वाटतं, "अरे बापरे, केवढा हा अंधार!" मग तो आपलं दार, म्हणजे शटर, बराच वेळ उघडं ठेवतो. आकाशासाठी ते ठीक, पण उन्हात तळपणाऱ्या दगडासाठी? तो जळून पांढरा होणारच. म्हणून सूत्र एकच: फोटो रात्रीचा नाही, उन्हातल्या दगडाचा काढायचा आहे!

एकशे दहाचं गणित

चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर लांब आहे आणि त्याचा व्यास ३,४७४ किलोमीटर. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर येतं सुमारे ११०. हा आकडा फार कामाचा आहे. अडीच सेंटिमीटरचं नाणं पावणेतीन मीटरवर धरलं, तर ते चंद्राला बरोब्बर झाकतं. कारण? २.५ गुणिले ११० करून बघा.

कॅमेऱ्यातही हेच गणित चालतं. लेन्सच्या फोकल लांबीला ११० ने भागा, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवर चंद्र केवढा पडणार ते कळतं. नेहमीच्या ५० मिलीमीटरच्या लेन्समधून चंद्र पडतो अर्धा मिलीमीटरही नाही! ३०० मिलीमीटरच्या लेन्समधून पडतो २.७ मिलीमीटर, आणि ६०० च्या लेन्समधून साडेपाच. म्हणून टेलिफोटो लेन्स हवी. ३०० ची लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा मधल्या आकाराचा सेन्सर असेल, तर चंद्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे ७०० पिक्सेल मिळतात. विवरं ओळखायला एवढे पुरे झाले.

कॅमेऱ्याला काय सांगायचं?

कॅमेऱ्यावरची तबकडी एम, म्हणजे मॅन्युअलवर आणा. आता मालक तुम्ही! आयएसओ १०० ठेवा आणि भिंग एफ/८ वर. राहिला शटरचा वेग. पौर्णिमेचा चंद्र वर आलेला असेल, तर सेकंदाचा दोनशेवा भाग पुरे. अष्टमीच्या अर्ध्या चंद्रावर ऊन तिरपं पडतं, त्यामुळे तो मंद असतो. तिथे पन्नासावा भाग घ्या. बारीक कोरीला पंचविसावा. हे आकडे म्हणजे सुरुवात. फोटो काढा, पडद्यावर मोठा करून बघा, पांढरा वाटला तर वेग वाढवा, काळवंडला तर कमी करा. पूर्वी फिल्मच्या काळात रीळ धुऊन येईपर्यंत वाट पाहावी लागे. १८४० साली न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राची छबी टिपली, तेव्हा तर चांदी चढवलेल्या पत्र्यावर कित्येक मिनिटं प्रकाश पडू द्यावा लागला होता. तुम्हाला मात्र चुकायला पैसे पडत नाहीत!

फोकसही हाताने करा. लेन्सवर अनंताची आडव्या आठसारखी खूण असते, पण नुसती तिच्यावर भिस्त ठेवू नका. मागच्या पडद्यावर चंद्र मोठा करा आणि त्याची कड धारदार होईपर्यंत रिंग अगदी हळूहळू फिरवा.

हलला की गेला!

लांब लेन्समध्ये चंद्र मोठा होतो, तशी आपल्या हाताची थरथरही मोठी होते. म्हणून कॅमेरा तिवईवर हवा. तिवई नाही? मग आईकडून ज्वारीची दोन-तीन किलोची पुरचुंडी मागून घ्या. ती गच्चीच्या कठड्यावर ठेवा आणि तिच्यात लेन्स दाबून बसवा. ज्वारी कॅमेऱ्याला हवा तसा आकार देते आणि मुळीच हलू देत नाही. आणि काम झाल्यावर डब्यात परत! (कॅमेऱ्याचा पट्टा मात्र गळ्यात अडकवूनच ठेवा बरं का.)

बटण दाबल्यानेही कॅमेरा हलतो. त्यासाठी सेल्फ-टायमर दोन किंवा दहा सेकंदांवर लावा, बटण दाबा आणि हात काढून घ्या. शिवाय चंद्र स्वतःही स्वस्थ बसत नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे साधारण दर दोन मिनिटांना तो स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो. म्हणून शटर एक सेकंदभर उघडं राहिलं, तरी त्याची कड पुसट होते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ही लेन्स सूर्याकडे कधीही, अगदी क्षणभरही रोखायची नाही. कॅमेरा तर बिघडेलच, पण डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

पौर्णिमा नको, अष्टमी हवी

आता तुम्हाला वाटेल, फोटो काढायचा तर पौर्णिमेचाच. पण इथेच बहुतेक लोक फसतात. उन्हाळ्यात नांगरून ठेवलेलं शेत डोळ्यांसमोर आणा. भर बाराला बघितलं तर सपाट दिसतं. तेच दिवस मावळताना बघा. प्रत्येक ढेकळाची लांब सावली पडलेली असते आणि सरीन् सरी मोजता येते. पौर्णिमेला आपल्याला दिसणाऱ्या चंद्रावर ऊन जवळजवळ समोरून पडत असतं, त्यामुळे सावल्याच दिसत नाहीत. शुद्ध अष्टमीच्या आसपास मात्र उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर सूर्य नुकता उगवत असतो. तिथे डोंगरांच्या आणि विवरांच्या काळ्या सावल्या पडतात. १६०९ साली गॅलिलिओने छोट्या दुर्बिणीतून याच सावल्या पाहिल्या आणि चंद्रावर डोंगर आहेत हे ओळखलं. आजची ३०० मिलीमीटरची लेन्स तुम्हाला त्याच सावल्या दाखवते. ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस विवर, दक्षिणेकडचं टायको, आणि १९६९ च्या जुलैत माणसाने पहिलं पाऊल ठेवलं ते शांतीसागराचं मैदान, ही ठिकाणं नकाशा घेऊन शोधा.

अष्टमीचा आणखी एक फायदा म्हणजे दिवेलागणीलाच चंद्र उंच आलेला असतो. फोटो काढून, जेवून, वेळेवर झोपता येतं. घरचेही ओरडणार नाहीत!

चंद्रोदय पाहावा पंचांगात

चंद्र कधी उगवणार हे कुठे बघायचं? सोलापूरकरांना हा प्रश्नच पडू नये! घरोघरी दिसणारं दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षं आपल्या सोलापुरातूनच निघतं. संकष्टीला आजी घड्याळाकडे बघत चंद्राची वाट पाहते, ती वेळ असल्याच आकडेमोडीतून येते. ही वेळ गावागणिक वेगळी का असते, ठाऊक आहे? सोलापूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे तीन अंश रेखांशावर आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आपल्याकडे चंद्र मुंबईच्या साधारण बारा मिनिटं आधी उगवतो.

पण उगवता चंद्र तांबूस आणि थरथरता दिसतो, कारण त्याचा प्रकाश जाड हवेतून आणि धुळीतून येतो. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडते, त्यामुळे उन्हाळ्यात ही थरथर आणखी वाढते. तेव्हा संकष्टीला मोदक खाऊन उपवास सोडा आणि तास-दीड तासाने चंद्र वर चढला, की मग गच्चीवर या. पावसाळा सरल्यानंतरची धुतलेली हवा सगळ्यांत छान.

उगवत्या चंद्राची खरी मजा देखाव्यात आहे. सिद्धेश्वर तलावातल्या मंदिराच्या शिखराशेजारी मोठ्ठा चंद्र हवा असेल, तर जवळ जाऊ नका, लांब जा! चंद्र तेवढाच राहतो, शिखर लहान होतं. पुन्हा आपलं ११० चं गणित: दहा मीटर उंचीची वस्तू अकराशे मीटरवरून चंद्राएवढी दिसते. अशा फोटोसाठी पौर्णिमेची किंवा तिच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ निवडा. तेव्हा आकाशात थोडा उजेड असतो, त्यामुळे चंद्र आणि देऊळ दोन्ही नीट येतात.

पन्नास हजारांचा एक

मे २०२१ मध्ये पुण्याच्या प्रथमेश जाजूने काढलेला चंद्राचा फोटो देशभर गाजला. तेव्हा तो होता अवघा सोळा वर्षांचा! त्याने कॅमेरा दुर्बिणीला जोडून चंद्राच्या एकेका भागाचं चित्रण केलं. त्यातल्या पन्नास हजारांहून अधिक चौकटी संगणकावर एकत्र करून एक चित्र तयार केलं. एवढ्या कशाला? हवेच्या थरथरीमुळे प्रत्येक चौकट जराशी वेगळी येते. चांगल्या चौकटी एकावर एक ठेवल्या, की थरथर पुसली जाते आणि खरं तेवढं उरतं. त्याच्या चित्रात निळे, तांबूस रंग दिसतात. ते हाताने भरलेले नाहीत. चंद्रावरच्या खनिजांमुळे पडणाऱ्या बारीक रंगफरकांना त्याने ठळक केलं. तुम्हीही दहा-वीस फोटो लागोपाठ काढून अशी सुरुवात करू शकता. यासाठीची संगणक-प्रणाली फुकट मिळते.

पण फोटो कोणाचा?

इथे एक महत्त्वाची गोष्ट. हल्ली काही मोबाइल फोन चंद्राचे झकपक फोटो देतात. २०२३ मध्ये एका चौकस माणसाने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि अंधारात लांबून अशाच एका फोनने त्याचा फोटो घेतला. फोटोत बारकावे आले, जे पडद्यावर नव्हतेच! फोनला चंद्र कसा दिसतो ते आधीच शिकवलेलं होतं, त्याने ते भरून टाकले. फोटो सुंदर, पण तो तुम्ही पाहिलेला चंद्र नव्हे. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेल्या गणितासारखंच आहे ते. उत्तर बरोबर असेलही, पण सोडवलं कोणी?

प्रथमेशनेही संगणक वापरला, पण त्याची प्रत्येक चौकट आकाशातून आलेली होती. फरक हा आहे.

आणि खऱ्या फोटोने काय करता येतं, ते आता करून पाहा. एकाच कॅमेऱ्याने, एकाच लेन्सने, झूम न बदलता महिनाभर जमेल त्या दिवशी चंद्र टिपा. प्रत्येक फोटोवर तारीख आणि वेळ लिहा. मग संगणकावर कोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चंद्राचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा आणि वहीत आलेख काढा. चंद्र कधी ७०० पिक्सेलचा भरेल, कधी त्याहून चांगला साठ-सत्तर पिक्सेलनी मोठा. कारण चंद्राची वाट गोल नाही, लंबगोल आहे. तो कधी सुमारे ३ लाख ६३ हजार किलोमीटरवर असतो, कधी ४ लाख ५ हजारांवर. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट तुमच्याच गच्चीवरून, तुमच्याच मोजमापाने सिद्ध होईल!

पालकांनाही एक विनंती. यासाठी नवा कॅमेरा घ्यायलाच हवा असं नाही. नात्यात किंवा मित्रांत कोणाकडे तरी टेलिफोटो लेन्स असते. एक संध्याकाळ ती मागून आणा आणि मुलांबरोबर स्वतःही गच्चीवर चढा. बटण मात्र मुलांना दाबू द्या.

मग, कधी आहे शुद्ध अष्टमी? उघडा पाहू पंचांग!