जुनं घर आणि नवा कोड

आपल्या सिलॅबसमधला कोड नेहमी कोऱ्या प्लॉटवरच्या नव्या बिल्डिंगचा असतो. आधीपासून उभ्या असलेल्या घराचं काय, हे व्हायवात कुणी विचारत नाही.

मला ते मामांनी विचारलं. पुणे-सातारा रस्त्यालगत शिवऱ्यात त्यांचं घर आहे. भिंती दगड-मातीच्या, वर मंगलोरी कौलं. त्यांना पुढची भिंत काढून दोन शटर बसवायची होती आणि कौलांऐवजी स्लॅब हवा होता.

नॅशनल बिल्डिंग कोड (२०१६) उघडला. धोकादायक नसलेल्या जुन्या घराला तो उगाच हात लावत नाही. प्लॅस्टर, रंग, फरशी, कौलं बदलणं, इतकंच काय, भिंतीला नवी खिडकी पाडणं, यालाही तो परवाना मागत नाही. मामा खूश! पण या यादीला एक अट आहे: इमारतीच्या मजबुतीला आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेला बाधा येता कामा नये. त्यापुढचा फेरफार केला, की कोड सहसा सबंध इमारतीला लागू होतो, फक्त नव्या भागाला नाही. घराचं दुकान केलं तर त्या बदलाची झळ पोचणारे सगळे भाग त्यात येतात. अर्थात हा कोड स्थानिक नियमांत घेतला असेल तरच बंधनकारक. म्हणून राज्याची २०२० ची एकत्रित नियमावलीही पाहावी लागते.

आता गणित. १२५ मिलिमीटरचा स्लॅब म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३१० किलो. कौलं रिपांसकट जेमतेम ६५. भूकंपाचं बल वजनाच्या प्रमाणात वाढतं, आणि ते पेलणारी एक भिंतच आपण काढायला निघालो! आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे झोन ३ मध्ये आहे. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जाड दगडी भिंती आणि माळवदाची माती यांखालीच माणसं गाडली गेली. अशा भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात. हादऱ्यात ते एकमेकांपासून सुटतात आणि भिंत फुगून कोसळते.

यावरचा उपाय आयएस १३९३५ (२००९) मध्ये आहे. भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे थर बांधले जातात. लिंटेलच्या पातळीला भिंतींवरून जाळी आणि सिमेंट प्लॅस्टरचा पट्टा फिरवायचा. शटर हवंच असेल तर एकच, कोपऱ्यापासून लांब, भोवती आरसीसी चौकट घालून. आणि सळया किती, ते मिस्त्रीने नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचं.