खोली भाड्याने देण्याआधीचा हिशेब

चाकण, रांजणगाव, शिरवळ अशा एमआयडीसींच्या आसपासच्या गावांत घराला जोडून काढलेल्या भाड्याच्या खोल्या आता जागोजाग दिसतात. तालुक्याच्या गावी कॉलेजची मुलं, नर्सबाई, शिक्षक खोली शोधत असतात. मग गटाच्या बैठकीत विषय निघतोच: आपणही कर्ज काढून दोन खोल्या बांधायच्या का? आमचं उत्तर आधीच सांगतो. पहिली खोली कर्ज काढून बांधू नका. का, ते आकड्यांतच बघू.

समजा, मोरी-संडासासकट एका खोलीला 3 लाख रुपये लागले आणि भाडं महिना 2,500 ठरलं. वर्षाचे 30,000 होतात. पण एक भाडेकरू गेला की दुसरा मिळेपर्यंत महिना जातो. नळाची तोटी, रंग, घरपट्टी हेही आलंच. हातात 25,000 उरतील असं धरा. आता हेच 3 लाख शेकडा 2 रुपये महिना व्याजाने उचलले, तर पहिल्या महिन्याचं व्याजच 6,000. भाडं मात्र 2,500! बँकेने वर्षाला 12 टक्क्यांनी दिले तरी पहिल्या वर्षाचं व्याज 36,000 च्या घरात जातं. म्हणजे भाड्यातून मुद्दल सोडाच, व्याजही सुटत नाही. उरलेलं दुधाच्या नाहीतर मजुरीच्या पैशातून भरावं लागतं.

त्यापेक्षा आपल्या घरातली कांदा-गवत ठेवायची खोली बघा. पत्रे बदलले, फरशी घातली, बाहेरून वेगळं दार काढलं, विजेला सबमीटर बसवला, असे 50,000 लागले असं समजू. भाडं 1,800. गटाचं 2 टक्क्यांचं कर्ज घेतलं तरी पहिल्या महिन्याला 1,000 व्याज आणि 800 मुद्दल फिटतं. पुढे व्याज घटत जातं. खोली सलग भरलेली राहिली तर साधारण साडेतीन वर्षांत कर्ज संपतं. हे आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत. आपल्या गावचा भाव, गवंड्याची मजुरी विचारून हाच हिशेब वहीत मांडा.

आता जरा नाजूक गोष्ट. घर कुणाच्या नावावर आहे? कर्ज बाईच्या नावाने, हप्ता तिच्या कमाईतून आणि भाडं मात्र दुसऱ्याच्या खिशात, असं होऊ देऊ नका. राज्य सरकारने 2003 सालीच गावातल्या घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, असं ग्रामपंचायतींना सांगितलं आहे. नमुना 8 चा उतारा काढून बघा. नाव नसेल तर दोघांच्या सहीने अर्ज द्या. हा उतारा कर आकारणीचा असतो, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. तरीही त्यावर नाव असलेलं बरं. आणि भाडं आपल्या बँक खात्यात जमा होईल, हे करारातच लिहून घ्या.

करार म्हणाल तर बहुतेक जणी तोंडीच ठरवतात. ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला? दुसरी समजूत अशी, की 11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 वेगळं सांगतं. करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदला नाही तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. उलट सिद्ध करणं आपल्यावर येतं. हा कायदा सगळ्याच गावांना लागू नाही, पण आपलं गाव त्यात असो-नसो, नोंदणी कराच. ग्रामपंचायत हद्दीत तिची फी 500 रुपये आहे. मुद्रांक शुल्क मुदतीच्या एकूण भाड्यावर शेकडा 25 पैसे पडतं. डिपॉझिट घेतलं तर त्यावरही थोडं लागतं. आधारचा अंगठा लावून हे काम ऑनलाइनही होतं.

करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा करावा. त्यात भाडेकरूला खोलीत हक्क मिळत नाही, ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी मिळते. कलम 24 प्रमाणे मुदत संपूनही तो हलला नाही, तर दुप्पट दराने भरपाई मागता येते.

डिपॉझिट आलं की त्यातून पेरणीचं बियाणं आणायचा मोह होतो. ते पैसे भाडेकरूचे आहेत, वेगळ्या खात्यात पडू द्या. भाडेकरूचा फोटो आणि आधारची प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. राहायला येण्याच्या दिवशी सबमीटरचा आकडा, पंखे, बल्ब, किल्ल्या किती, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. खोली सोडताना तोच कागद समोर ठेवून डिपॉझिट परत करायचं.