सरकत्या खिडकीचा खटका

लंडनच्या ब्लूम्सबरी भागातील एका जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने घेतलेल्या खोलीत मी त्या शहरातला माझा पहिला हिवाळा काढला, आणि त्या हिवाळ्यात माझी झोप सर्वांत अधिक वेळा मोडली ती तळहातावर सहज मावेल अशा, रंगाचे थरावर थर चढून मूळ आकारच हरवून बसलेल्या खिडकीच्या एका खटक्यामुळे. रात्री वारा सुटला, की खिडकीच्या दोन्ही चौकटी आपापल्या खोबणीत खडखडू लागत. मी अंथरुणातून उठून वर्तमानपत्राची घडी घालून तिची पाचर त्या दोघींच्या मधल्या फटीत बसवी, आणि तासाभरात ती पाचर सैल पडून खडखडाट पुन्हा पहिल्यासारखा सुरू होई. घरमालकांकडे तक्रार केली तेव्हा त्यांनी खिडकीला खटका आहे, एवढेच सांगून माझी बोळवण केली. खटका होता हे खरेच होते. परंतु तो लागत नव्हता, आणि लागत का नव्हता हे समजून घेण्याच्या खटपटीतून या क्षुद्र दिसणाऱ्या वस्तूविषयी माझ्या मनात जो आदर उत्पन्न झाला तो आजतागायत टिकून आहे.

आपल्याकडची खिडकी ही दाराची धाकटी बहीण. तिला दोन झडपा असतात, त्या बिजागऱ्यांवर फिरतात, आणि त्या मिटल्या की कडी कोयंड्यात अडकवून मनुष्य निश्चिंत होतो. ज्या इंग्रजी खिडकीविषयी मी लिहीत आहे तिला बिजागरी नाही आणि झडपही नाही. तिच्यात काचेच्या दोन चौकटी असतात, एक वरची व एक खालची, आणि त्या एकमेकींच्या मागेपुढे अशा दोन उभ्या खोबणींत वरखाली सरकतात. दोन्ही बाजूंच्या पोकळ खांबांत बिडाची किंवा शिशाची वजने दोराने टांगलेली असतात. दोर कप्पीवरून येऊन चौकटीच्या कडेला खिळलेला असतो. प्रत्येक चौकटीला दोन वजने, आणि दोन्ही मिळून साधारण त्या चौकटीच्याच भाराची. म्हणून एखादे मूलही एवढी जड काच बोटाने उचलू शकते आणि ती जेथे सोडावी तेथे उभी राहते. जाणता सुतार येथे आणखी एक बारकावा सांभाळतो. वरच्या चौकटीची वजने तो तिच्याहून किंचित जड ठेवतो आणि खालच्या चौकटीची किंचित हलकी, म्हणजे काहीही न करता वरची वरच राहते व खालची खालीच बसते.

ही युक्ती मूळची इंग्रजांची की फ्रेंचांची, हा वाद जुना आहे. सरकत्या चौकटीला इंग्रजीत 'सॅश' म्हणतात आणि तो शब्द 'शासी' या फ्रेंच शब्दाचाच अपभ्रंश, तेव्हा नाव फ्रान्सचे हे निर्विवाद. परंतु वजनांनी तोलून धरण्याची हिकमत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या राजवाड्यांवर काम करणाऱ्या सुतारांच्या हातून सिद्ध झाली, असे मानण्यास चांगला आधार आहे. मार्टिन लिस्टर नावाचे एक इंग्रज वैद्य १६९८ साली पॅरिसला गेले होते. तेथे मार्शल द लोर्ज यांनी आपल्या वाड्यातील मोठ्या सरकत्या खिडक्या त्यांना कौतुकाने वरखाली करून दाखविल्या, आणि ही तोलाची योजना आपण एक लहानसा नमुना मुद्दाम इंग्लंडहून आणवून करविली, असे सांगितले. लिस्टर यांनी आपल्या प्रवासवर्णनात ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. स्वतःच्या देशाची खिडकी परक्या सरदाराच्या घरी पाहुणी म्हणून पाहताना त्या वैद्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करणे मला फार आवडते.

पुढच्या शतकात या खिडकीने लंडन व्यापले. १६६६ च्या महान अग्निप्रलयानंतर शहराच्या इमारतींवर कायद्याची नजर बसली होती. १७०९ च्या हुकमाने लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी पृष्ठापासून चार इंच आत घेणे भाग पडले आणि १७७४ च्या कायद्याने वजनांची पेटीसुद्धा विटांच्या आड लपविली गेली, म्हणजे बाहेरून आग लागली तर ज्वाळेला लाकूड कमीत कमी सापडावे. खिडक्यांवर कर होता, तो १६९६ पासून १८५१ पर्यंत चालला. काचेवरचा वेगळा कर १८४५ मध्ये रद्द झाला. काच स्वस्त आणि मोठी झाली, तशा चौकटीतल्या बारीक उभ्याआडव्या पट्ट्या नाहीशा झाल्या, काचेचा भार वाढला, आणि तो भार पेलण्यासाठी वरच्या चौकटीच्या उभ्या बाजू सांध्याखाली थोड्या लांबवून त्यांना नक्षीदार शिंगांसारखा आकार देण्याची वहिवाट पडली. रस्त्यावरून चालताना एखाद्या खिडकीला ही शिंगे दिसली, की ती बहुधा व्हिक्टोरियाच्या काळातली किंवा त्यानंतरची, असे खुशाल समजावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थिदशेत ज्या घरात राहिले आणि जे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले, ते दहा क्रमांकाचे घर पाहण्यासाठी लंडनला गेलेला मराठी मनुष्य किंग हेन्रीज रोडवर हटकून जातो. त्याने तेथे क्षणभर थांबून मान वर केली, तर या जातीच्या खिडक्या त्याला त्या रस्त्यावर आढळतील.

आता खटक्याकडे वळतो. पहिल्या पिढीच्या खिडक्यांना तो नव्हताच. भिंतीच्या जाडीत घडी होऊन बसणारी लाकडी कवाडे आतून असत, रात्री ती मिटून त्यांवर लोखंडी पट्टी आडवी टाकीत, आणि आपल्या वाड्याच्या दिंडीदरवाज्याला जसा अडसर तसा तिचा भरवसा असे. काचेच्या चौकटीलाच कुलूपबंद करण्याची निकड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भासू लागली आणि तेव्हापासून खटके निघाले. खालच्या चौकटीची माथ्याची पट्टी आणि वरच्या चौकटीची तळाची पट्टी खिडकी बंद असताना एकमेकींना भिडतात. सुतार त्यांना 'मीटिंग रेल' म्हणतात. खटका बसतो तो याच जागी, एक अंग एका पट्टीवर व दुसरे दुसरीवर. सर्वांत साधा प्रकार म्हणजे पितळेचा एक आडवा दांडा, जो एका खिळ्याभोवती पाव वर्तुळ फिरून समोरच्या खाचेत शिरतो आणि स्प्रिंगच्या जोरावर तेथे थांबतो.

या साध्या खटक्यात एक गंभीर वैगुण्य होते, आणि ते प्रथम चोरांच्या लक्षात आले. पट्ट्यांच्या मधल्या फटीतून बाहेरून पातळ पात्याची सुरी घालावी, ती दांड्याला लावून बाजूला रेटावी, आणि खिडकी निमूट वर उचलावी. ना काच फुटली, ना आवाज झाला. ही विद्या इतकी सर्वश्रुत होती, की आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द नेव्हल ट्रीटी' या होम्सकथेत तिचा उपयोग केला. वोकिंगच्या घरात आजारी पडलेल्या तरुणाला मध्यरात्री खिडकीपाशी बारीक खुडबूड ऐकू येते, आणि ती काय होती याचा उलगडा असाच होतो: फटीतून काहीतरी घातले गेले आणि खटका मागे सरला. पुढे खुद्द होम्स झाडीत दडून बसतो आणि तोच मनुष्य लांब पात्याची सुरी घालून तोच खटका उघडताना पाहतो. त्या काळच्या वाचकाला यात काही समजावून सांगावे लागले नाही, कारण तसलाच खटका त्याच्या स्वतःच्या शयनगृहात होता.

यावर कारागिरांनी जी उत्तरे शोधली त्यांतील दोन मला श्रेष्ठ वाटतात. एक ब्रायटन जातीचा खटका. त्यात एका पट्टीवर आडव्या आसावर उठबस करणारी, मळसूत्र पाडलेली दांडी असते. ती उचलून दुसऱ्या पट्टीवरच्या दुभागलेल्या पेल्यात टाकायची आणि तिच्या टोकाचा बोंड्यासारखा गोळा दोन बोटांनी आवळायचा. सुरीने रेटण्याजोगे येथे काही उरतच नाही, कारण मळसूत्र उलटे फिरविल्याशिवाय दांडी पेल्यातून सुटत नाही. दुसरा फिच जातीचा. त्यात वरून फिरविण्याची मूठ असते आणि तिच्याखाली शंखाच्या वळणासारखी चढत गेलेली पितळेची कडा. मूठ फिरली, की ती कडा समोरच्या आकड्याखाली शिरते आणि दोन्ही पट्ट्यांना एकमेकींकडे ओढते, शिवाय खालच्या चौकटीला खाली व वरच्या चौकटीला वर दाबते. एकाच अर्ध्या फेऱ्यात दोन दिशांचे काम होते. रुंद खिडकीला, म्हणजे साधारण मीटरभरापेक्षा अधिक असेल तर, असे दोन खटके लावतात, नाहीतर पट्टी मधे आवळली जाते आणि टोकांना उघडी राहते.

चोराचा बंदोबस्त हे या शोधांचे निमित्त खरे. पण खटक्याचे खरे कार्य मला त्याहून मोठे वाटते. जी खिडकी सरकायची तिला सैलपणा हवा. लाकूड दमट हवेत फुगते हे कोकणातल्या कोणत्याही घरकऱ्याला सांगायला नको. आषाढात जे दार खांद्याने रेटावे लागते तेच चैत्रात वाऱ्याने हलते. म्हणून सुतार चौकट आणि खोबण यांत जाणूनबुजून अंतर सोडतो, आणि ते अंतर सोडले नाही तर खिडकी जन्मभर अडून बसेल. पण तीच खिडकी मिटली म्हणजे तिच्यात किंचितही सैलपणा नको, कारण त्याच अंतरातून वारा येतो, थंडी येते, धूळ येते, आणि रात्रीचा खडखडाट उत्पन्न होतो. उघडताना सैल आणि मिटताना घट्ट, या दोन परस्परविरुद्ध मागण्या एकाच लाकडाकडून पुऱ्या होणे शक्य नाही. त्यांची तडजोड करण्याचे काम त्या मळसूत्राकडे सोपविलेले आहे. मीटिंग रेलच्या समोरासमोरच्या कडा तिरप्या तासलेल्या असतात. खटका आवळला, की तिरपी कड तिरप्या कडेवर चढून पाचरेसारखी बसते, आणि मघाशी जी दोन वेगळी अंगे होती त्यांचे एकच अंग होते.

सरेमध्ये चार्ल्स ब्रूकिंग या गृहस्थांचा इमारतींच्या सुट्या भागांचा प्रसिद्ध संग्रह आहे. पाडल्या जाणाऱ्या घरांतून खिडक्या, कप्प्या, खटके, मुठी गोळा करण्याचा नाद त्यांना बालपणापासून लागला. टाकाऊ ठरलेल्या पितळेच्या तुकड्याला कोणीतरी क्रमांक देऊन जपून ठेवावे, ही गोष्ट मला एखाद्या दफ्तरखान्यातल्या दुर्मीळ सनदेइतकी मोलाची वाटते. प्लास्टिकच्या दुहेरी काचेच्या खिडक्यांनी गेल्या काही दशकांत हजारो जुन्या खिडक्या बाहेर काढल्या, त्यांच्याबरोबर खटकेही भंगारात गेले. आता जुन्या इमारतींच्या संरक्षणाचे नियम आहेत आणि त्यामुळे नवे ब्रायटन व फिच खटके पुन्हा ओतले जातात, त्यांना किल्लीही असते. मला किल्लीविषयी थोडी भीती वाटते. आग लागली तर हीच खिडकी सुटकेची वाट, आणि किल्ली त्या वेळी कोठे असेल?

माझ्या खोलीचा निकाल शेवटी फेब्रुवारीत लागला. घरमालकांनी एक वृद्ध सुतार पाठविला. तो आला, खटक्याकडे त्याने ढुंकून पाहिले नाही. वरच्या चौकटीच्या माथ्यावर बोट फिरविले आणि मला बोलावून दाखविले, की तेथे बोटभर फट आहे. एका बाजूचा दोर केव्हाच तुटला होता, त्यामुळे वरची चौकट खाली सरकली होती, आणि ती सरकल्यामुळे पेला आणि दांडी यांची गाठ पडत नव्हती. कोणा भाडेकऱ्याने वा रंगाऱ्याने ती दांडी तशीच अर्धवट लटकत ठेवून तिच्यावर रंग चढविला होता, आणि तेव्हापासून ती तशीच होती. त्याने आतल्या कडेची पट्टी उपसली, खालची चौकट बाहेर घेतली, मधली बारीक पट्टी काढून वरचीही उतरविली आणि खांबाच्या पायथ्याशी असलेली लहानशी फळी उघडली. आत धुळीत बिडाचे वजन आडवे पडले होते. मग खिशातून सुतळीला बांधलेला शिशाचा एक चिमुकला तुकडा काढला. त्याला ते लोक उंदीर म्हणतात. तो उंदीर कप्पीवरून पोकळीत सोडला, खाली फळीच्या भोकातून बाहेर ओढला, आणि त्याच्या शेपटीमागून नवा मेणविलेला दोर आपोआप आत गेला.

खटक्याचे दोन्ही भाग त्याने माझ्याच एका जुन्या पातेल्यात पाणी घालून शेगडीवर मंद आचेवर ठेवले. अर्ध्या तासाने पाहतो तो रंगाचे सगळे थर, पांढरे, मळकट पिवळे, एक हिरवा, भाजलेल्या वांग्याची साल सुटावी तसे एकत्र सुटून आले होते, आणि तळाशी पितळ होते. मळसूत्राच्या खाचांत अडकलेला रंग त्याने टाचणीने कोरून काढला, एक थेंब तेल दिले, दोन्ही चौकटी जागच्या जागी बसविल्या, आणि पट्टीवर पेन्सिलीची बारीक खूण करून पेला जुन्या छिद्रांपासून केसभर बाजूला घट्ट केला.

माझी वर्तमानपत्राची घडी अजून खिडकीच्या काठावर पडली होती. त्याने तिची एक पट्टी फाडली, ती दोन्ही मीटिंग रेलच्या मधे ठेवून खिडकी मिटली, दांडी पेल्यात टाकून बोंडा आवळला आणि मला ओढायला सांगितले. मी ओढली, कागद मधोमध फाटला, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग जागचा हलला नाही.