घाटवाट उतरताना भेटणारे कारागीर
कोल्हापूर-आंबोली-सावंतवाडी मार्गावरील हस्तकलांची ओळख

प्रतिनिधी

मुंबई-पुण्याहून कोकण वा गोव्याकडे निघालेला प्रवासी सहसा एकच हिशेब मांडतो : किती तासांत पोहोचणार? या घाईत रस्त्याकाठची गावे खिडकीतून निसटून जातात. कोल्हापूरहून आजरा आणि आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरणारा रस्ता मात्र घाई न करता पाहावा असा आहे. उसाचे मळे, भाताची खाचरे आणि शेवटी सह्याद्रीचे दाट जंगल असा निसर्ग बदलत जातो; आणि त्याच वाटेवर महाराष्ट्रातील तीन महत्त्वाच्या हस्तकला नांदत आहेत.

चपलेची परीक्षा

पहिला थांबा अर्थातच कोल्हापूर. शहरातील 'चप्पल लाइन' पर्यटकांना परिचित आहे. मात्र येथे टांगलेली प्रत्येक चप्पल अस्सल असतेच असे नाही. खऱ्या कोल्हापुरीचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांत कमावलेले असते. शिलाई हाताची असते आणि तळात खिळा नसतो. नव्या चपलेचा कडकपणा, कातड्याचा वास आणि शिलाईतील किंचित असमानता ही दोष नसून ओळखीची खूण होय. अगदी एकसारखी, गुळगुळीत आणि अतिशय स्वस्त चप्पल दिसली, तर ती कृत्रिम चामड्याची असण्याची शक्यता अधिक. कागल तालुक्यातील कापशी गावाने तर आपले नाव चपलेच्या एका प्रकारालाच दिले आहे.

या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये 'प्राडा' या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तशाच धाटणीच्या चपला सादर केल्या, तेव्हा मूळ कारागिरांचा उल्लेख नसल्याने मोठी टीका झाली. त्यानंतर कंपनीने या भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले. मात्र नाव जगभर झाले म्हणून कारागिराची मजुरी आपोआप वाढत नाही. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी लागू झाल्यानंतर कच्च्या कातड्याची चणचण ही त्याची आणखी एक अडचण ठरली.

धुक्यातून खाली

कोल्हापूर सोडल्यावर निपाणी, उत्तूर, आजरा असे करत आंबोली गाठता येते. आजऱ्याचा सुवासिक घनसाळ तांदूळ वाटेतच घेता येईल. आंबोलीला सुमारे ७०० मीटर उंचीवर राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक म्हणून ओळखले जाते. येथेच हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. त्या कुंडात आढळलेल्या माशाच्या नव्या प्रजातीला २०२० मध्ये 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नाव देण्यात आले आणि पुढच्याच वर्षी हा परिसर जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला.

हा घाट केवळ सहलीचा नव्हे. वेंगुर्ले बंदरातील माल बेळगावकडे नेण्याचा हा जुना मार्ग. व्यापार आणि राजाश्रय या दोहोंच्या आधारानेच घाटाखालच्या सावंतवाडी संस्थानात कारागिरी बहरली.

गोल पत्ते आणि लाकडी फळे

सावंतवाडीत मोती तलावाकाठच्या राजवाड्यात गंजिफा रंगविण्याचे काम चालते. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते, म्हणजे एकूण १२० पत्ते असतात. मुघल गंजिफात आठ रंग आणि ९६ पत्ते. ही कला लोपण्याच्या बेतात असताना शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला राजवाड्यातच आश्रय दिला. शेकडो बारीक रेषा हाताने ओढायच्या असल्याने संपूर्ण संचाची किंमत छापील पत्त्यांच्या तुलनेत मोठी वाटते. ती कागदाची नसून दिवसांची किंमत असते.

राजवाड्यापासून जवळच चितार आळी आहे. पाट, पोळपाट, भातुकली, भोवरे आणि हुबेहूब खरी वाटावीत अशी लाकडी फळे येथील दुकानांत मांडलेली असतात. खेळण्यांसाठी पांगाऱ्यासारखे हलके लाकूड वापरण्याची येथील परंपरा. प्लास्टिकच्या खेळण्यांनी या बाजारावर मोठे आक्रमण केले आहे. त्यामुळे 'सावंतवाडीची खेळणी' म्हणून जे विकले जाते ते येथेच घडले का, हे दुकानदाराला विचारणे गैर नाही. दुपारी येथील बाजार थंडावतो. सकाळी वा सायंकाळी जाणे सोयीचे.

चित्रांतून सांगितलेली कथा

शेवटचा थांबा कुडाळजवळील पिंगुळी. ठाकर आदिवासी समाजाने येथे चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांची परंपरा जपली आहे. चित्रकथी म्हणजे चित्रांची पोथी उलगडत रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगणे. परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. येथे चित्र विकत घेता येते, पण ते मूळचे भिंतीवर टांगण्यासाठी नव्हते, गाण्यासोबत पाहण्यासाठी होते. शक्य असल्यास आधी संपर्क साधून सादरीकरण पाहावे आणि त्याचे मानधन द्यावे.

जाण्यापूर्वी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या प्रवासाला उत्तम. पावसाळ्यात धबधबे मोहक असले तरी दाट धुके आणि दरडींचा धोका असतो, त्यामुळे घाट दिवसाउजेडीच उतरावा. एका दिवसात सारे उरकण्यापेक्षा सावंतवाडीत मुक्काम करावा. आणि घासाघीस करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू घडवायला किती दिवस लागले? उत्तर ऐकल्यावर किंमत बहुधा जास्त वाटत नाही. कारागिराच्या पुढच्या पिढीने हे काम हाती घ्यायचे की शहराची वाट धरायची, याचा निर्णय बऱ्याच अंशी अशाच व्यवहारांवर ठरत असतो.