फासे टाकणारे हात

दिवाळी आटोपून कपाशीची वेचणी सुरू झाली, की अकोल्याजवळच्या कापशी तलावावर आणि अमरावतीकडच्या मालखेडच्या पाण्यावर उत्तरेचे पाहुणे उतरू लागतात. चक्रवाक, थापट्या, तुतारी, धोबी. मागच्या हिवाळ्यात याच काठावर दिसलेला धोबी हाच का, हे मात्र दुर्बिणीतून कळत नाही. सगळे धोबी सारखेच दिसतात. त्यासाठी पक्षी हातात यावा लागतो आणि त्याच्या पायात नंबर कोरलेले हलके अ‍ॅल्युमिनियमचे कडे चढवावे लागते.

ही पद्धत रुळवली डेन्मार्कचे शिक्षक हान्स मॉर्टेन्सन यांनी, १८९९ साली. भारतात तिला मोठी चालना मिळाली ती एका रोगामुळे. १९५७मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. त्याचा विषाणू रशियातल्या एका विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग गोचिडांसह तो स्थलांतरित पक्ष्यांनी तर आणला नसेल? याच शंकेतून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांना कडी घालण्याचे काम हाती घेतले.

पण पक्षी धरायचे कोणी?

झुडपांतल्या लहान पक्ष्यांसाठी पहाटे बारीक धाग्याची, नजरेला न दिसणारी जाळी दोन काठ्यांमध्ये ताणतात. अडकलेला पक्षी फार वेळ लटकू नये म्हणून सतत फेरी मारावी लागते. मग कापडी पिशवीत वजन, पट्टीने पंखाची लांबी, पिसांची झड, आणि लगेच सुटका. वऱ्हाडातला उन्हाळा या कामाला घातकच. त्यामानाने हिवाळ्याची सकाळ पक्ष्याला सोसवते. पाणपक्ष्यांची गोष्ट वेगळी. तिथे पुस्तकी ज्ञान तोकडे पडते. बीएनएचएसला तिथे हात दिला तो बिहारच्या मीरशिकारांनी. पिढीजात पक्षी धरणाऱ्या या जमातीतले अली हुसेन पुढे संस्थेच्या संशोधनाचा आधारस्तंभ ठरले. पंखाला इजा न होता पक्षी कसा धरायचा, हे शास्त्रज्ञ त्यांच्याकडून शिकले.

वऱ्हाडाकडेही असे हात आहेत. अकोला, अमरावती, वाशीमच्या माळांवरचे फासेपारधी गायीच्या आडोशाने सरकत, फाशांची ओळ मांडून तितर धरत आले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झाले. मात्र कुठला पक्षी कोणत्या गवतात, कोणत्या वेळी बसतो, ही त्यांची जाण कायद्याने पुसली गेली नाही. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ ही संस्था याच समाजाला सोबत घेऊन तणमोर आणि त्याचे माळरान वाचवण्यासाठी झटते आहे. पुढेमागे वऱ्हाडात कडी घालण्याचे केंद्र उभे राहिलेच, तर वनखात्याच्या परवानगीने आणि रीतसर मानधनावर पहिली नेमणूक या लोकांची व्हायला हवी.

कड्याचा उपयोग मात्र नंबर कोणीतरी कळवला तरच. तलावाकाठी असा पक्षी दिसला तर मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्याने पायाचा फोटो घ्यावा. मेलेला सापडला तर कड्यावरचा मजकूर, जागा आणि तारीख टिपून मुंबईला बीएनएचएसकडे पाठवावी. जिवंत पक्ष्याच्या पायातले कडे काढू नये.